काळा आजार, चागस आणि नव्या औषधांचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात परजीवींच्या आजारांना फार तर तीन-चार तास मिळतात, आणि मलेरिया आटोपेपर्यंत घंटा होते. मी शिकवत होतो तेव्हा काळा आजार नि चागस यांबद्दलचे प्रश्न मुलं तास संपल्यावर व्हरांड्यात विचारायची. आता तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. माझीही उत्तरं तीच असतात, म्हणून ती एकदाची एका जागी लिहून ठेवतो आहे. कुणी आजारी आहे म्हणून हे वाचत असाल तर आधी डॉक्टरांकडे जा. औषध घ्यायचं कसं याची माहिती इथे मिळणार नाही, ते सापडतं कसं एवढंच मी सांगू शकतो.

हे आजार आहेत तरी कोणते?

लीशमॅनिया नावाचा एकपेशीय परजीवी वाळूमाशीच्या चाव्यातून माणसात शिरतो. वाळूमाशी डासाहून बरीच लहान असते. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातला ओलावा ही तिची आवडती ठिकाणं. या परजीवीच्या काही जाती फक्त कातडीवर व्रण करतात (राजस्थानात बिकानेरकडे तसे रुग्ण सापडतात), काही नाक-तोंडाच्या आतली त्वचा खातात, तर लीशमॅनिया डोनोवनी ही जात थेट प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत मुक्काम करते. तो काळा आजार. आठवडेच्या आठवडे ताप, पोटात हाताला लागणारी पाणथरी (म्हणजे प्लीहाच), रक्त कमी होणं, अंग काळवंडणं ही त्याची लक्षणं. उपचार झाले नाहीत तर शंभरातले पंचाण्णवांहून अधिक रुग्ण दगावतात.

चागस हा मुळात लॅटिन अमेरिकेतला आजार. ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा त्याचा परजीवी, आणि तो पसरवतो ढेकणाच्या लांबच्या नात्यातला, पण चांगला बोटाच्या पेराएवढा कीटक. रात्री झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर चावतो म्हणून ब्राझीलमध्ये त्याला ‘बार्बेइरो’, म्हणजे न्हावी, म्हणतात. परजीवी त्याच्या लाळेत नसतो, विष्ठेत असतो. चावल्यावर तिथेच घाण करतो, आपण खाजवतो, आणि काम होतं. २००५ साली ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात उसाच्या रसातून याची साथ आली होती. उसाबरोबर चरकात कीटकही चिरडले गेले होते. हे सांगितल्यावर वर्ग एकदम शांत व्हायचा.

चागसचा त्रास असा, की लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. कार्लोस चागस यांना १९०९ मध्ये लासांसी गावात ज्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात हा परजीवी सापडला, ती सत्तरी ओलांडून जगली. पण साधारण तिघांतल्या एकाचं हृदय वीस-तीस वर्षांनी ढासळतं. ठोके बिघडतात, हृदय फुगतं, कधी चालता-बोलता माणूस जातो. आज जगात सत्तर लाखांच्या आसपास लोकांच्या अंगात हा परजीवी आहे.

महाराष्ट्रात याची काळजी करावी का?

काळ्या आजाराची मुख्य घरं म्हणजे बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेश. आपल्याकडे तो मूळ धरून नाही. तिकडून कामाला आलेल्या माणसाला लांबलेला ताप असेल आणि पाणथरी वाढलेली असेल, तर मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला हे नाव आठवायला हवं, एवढंच.

चागस भारतात नाही. अमेरिकेत, विशेषतः टेक्सासकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना तो कीटक भेटू शकतो. तिथे रक्तदात्यांच्या रक्ताची चागससाठी तपासणी होते. कधी रक्तात चागस आढळल्याची चिठ्ठी हातात पडली तर घाबरून जाऊ नका, पण ती फाडूनही टाकू नका.

एक गोष्ट मात्र पक्की आपल्या मातीतली आहे. गुरांना आणि घोड्यांना होणारा सर्रा शेतकऱ्यांना माहीत असतो. तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या परजीवीमुळे होतो, चागसच्या परजीवीचाच हा भाऊबंद. माणसाला तो होत नाही, असं सगळी पुस्तकं सांगत होती. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो वळवळताना दिसला. नागपूरच्या डॉक्टरांनी तो ओळखला आणि रुग्ण सुरामिन या औषधाने बरा झाला. पुढे कळलं की या परजीवींना फोडून टाकणारं एपीओएल-१ नावाचं प्रथिन, जे तुमच्या-माझ्या रक्तात असतं, ते त्या माणसात जन्मतःच तयार होत नव्हतं.

हे सुरामिन १९१६ सालचं. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी कापडाच्या रंगांपासून परजीवींवर औषध शोधायला सुरुवात केली होती, त्या वाटेवर बायर कंपनीला ते मिळालं. म्हणजे चंद्रपूरचा शेतकरी एकविसाव्या शतकात वाचला तो जवळपास नव्वद वर्षं जुन्या, रंगाऱ्यांच्या घराण्यातल्या औषधाने. त्याच्याजागी द्यायला दुसरं नवं काही हाताशी नव्हतं. या सगळ्या विषयाची गोम इथेच आहे.

दोन आजार इतके वेगळे, मग औषधं एकत्र का शोधतात?

कारण परजीवींचं कूळ एक आहे. लीशमॅनिया, चागसचा परजीवी आणि आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी या तिघांच्या पेशीत एकच मोठी तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) असते आणि तिच्यात डीएनएचा एक गोळा, त्याला कायनेटोप्लास्ट म्हणतात. माणसात नसलेली बरीच यंत्रणा तिघांत सारखी आहे. त्यामुळे एकावर चाललेला रेणू उरलेल्या दोघांवरही लावून पाहतात.

पण कूळ एक असलं तरी बिऱ्हाडं वेगळी आहेत. निद्रारोगाचा परजीवी रक्तात मोकळा फिरतो आणि नंतर मेंदूत जातो. लीशमॅनिया राहतो महाभक्षी पेशीत, म्हणजे जंतू गिळून पचवायला नेमलेल्या पेशीच्या पोटातल्या आम्लात. चोराने पोलीस चौकीतच पथारी टाकावी तसा प्रकार. चागसचा परजीवी हृदयाच्या नि आतड्याच्या स्नायूपेशीत दडतो. औषधाला तिथवर पोहोचायला पाहिजे, तेही इतर पेशींना धक्का न लावता. परीक्षानळीत परजीवी मारणारे रेणू पैशाला पासरी आहेत, बहुतेक पुढे मरतात ते या प्रवासात.

पूर्वी औषध नव्हतंच का?

काळ्या आजारावर होतं, आणि आपल्याच देशात बनलं होतं. विल्यम लीशमन यांनी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या छावणीत राहून आलेल्या सैनिकाच्या प्लीहेत आणि चार्ल्स डोनोवन यांनी मद्रासमध्ये हा परजीवी पाहिला. दोघांनीही १९०३ मध्ये ते जाहीर केलं. दोघांची नावं जोडून बारसं केलं रोनाल्ड रॉस यांनी. तो वाळूमाशीच पसरवते हे निर्विवाद सिद्ध व्हायला मात्र १९४२ साल उजाडलं. औषध त्याच्या कितीतरी आधी आलं.

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी कलकत्त्याच्या कॅम्पबेल हॉस्पिटलात काम करत. एक छोटी खोली, गॅस नाही, वीज नाही, नळाचं पाणी नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात काम. अँटिमनी या धातूची साधी संयुगं तेव्हा वापरात होती, पण ती विषारी होती. ब्रह्मचारींनी अँटिमनीला युरियाची जोड देऊन १९२० च्या सुमारास युरिया स्टिबामाइन तयार केलं. आसामच्या चहाच्या मळ्यांत जिथे माणसं पटापट मरत होती, तिथे ती बरी होऊन कामावर जाऊ लागली. त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं, मिळालं नाही.

पुढे सोडियम स्टिबोग्लुकोनेट आलं आणि अर्धशतक तेच चाललं. रोज इंजेक्शन, वीस ते तीस दिवस, दुखणारं आणि हृदयाला धोका असणारं. १९९० च्या दशकात उत्तर बिहारात, मुजफ्फरपूरच्या बाजूला, निम्म्याहून अधिक रुग्णांवर ते चालेनासं झालं. अर्धवट घेतलेले डोस हे एक कारण मानलं जातं. तिथल्या हापशांच्या पाण्यातल्या आर्सेनिकने परजीवीला अँटिमनीची सवय लावली असावी, असाही एक तर्क आहे. दोन्ही धातू आवर्तसारणीत एकाच घरातले, त्यामुळे मला तो तर्क पटण्यासारखा वाटतो.

काळ्या बुरशीचं इंजेक्शन काळ्या आजारावर चालतं, हे खरं आहे का?

अगदी खरं. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि ‘अँफोटेरिसिन बी’ हे नाव घराघरात पोहोचलं. एका कुपीसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. वर्ध्याच्या एका कंपनीने तेव्हा ते बनवायला घेतल्याची बातमी आठवत असेल. माझ्याकडेही नात्यातल्या दोघांचे फोन आले होते. मी फक्त औषधाची रसायनं शिकवलेली, कुपी कुठून आणणार?

बुरशीच्या आणि लीशमॅनियाच्या पेशींच्या वेष्टनात एर्गोस्टेरॉल असतं. आपल्या पेशींत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असतं. अँफोटेरिसिन एर्गोस्टेरॉलला पकडतं, आणि वेष्टनाची बांधणीच ढिली पडते. दोन अगदी निराळे शत्रू, पण भिंतीतली वीट एकच. हे औषध मुळात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून १९५० च्या दशकात मिळालं.

नुसतं अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला जाचतं, अंगात हुडहुडी भरते. म्हणून ते चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे लिपोसोममध्ये भरतात. गंमत अशी, की असे चरबीचे कण रक्तातून उचलायचं काम महाभक्षी पेशीच करतात, आणि लीशमॅनिया तिथेच बसलेला असतो. औषध आपोआप चोराच्या घरात पोहोचतं. भारतीय बनावटीचं लिपोसोमल अँफोटेरिसिन तयार करण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा आणि दिल्ली विद्यापीठाचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

एका सलाईनमध्ये रुग्ण बरा होतो म्हणतात. मग नव्या औषधाची गरज काय?

बिहारातल्या चाचणीत वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम असा लिपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस देऊन ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाले. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. हाच आता आपल्या सरकारी कार्यक्रमातला पहिला उपचार आहे. काम चोख आहे, यात वाद नाही.

पण हिशेब करून पाहा. चाळीस किलोच्या माणसाला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या आठ कुप्या. त्या २५ अंशांच्या खाली ठेवायच्या, आणि बिहारात मे महिन्यात पारा चाळिशी पार करतो. शिवाय सलाईन द्यायला खाट, नर्स आणि दोनेक तास हवेत. हे जमतं कारण जागतिक आरोग्य संघटनेमार्फत कंपनी या कुप्या देणगी म्हणून देते. देणगीवर चालणारा उपचार मला स्वस्त वाटत नाही. त्याची किंमत फक्त आपल्या वहीत दिसत नाही.

शिवाय पूर्व आफ्रिकेत, परजीवीची जात तीच असूनही, हा एक डोस पुरत नाही. सुदान, इथिओपिया, केनियात पॅरोमोमायसिन आणि अँटिमनी यांची इंजेक्शनं सतरा दिवस द्यावी लागत आली. अलीकडे अँटिमनी काढून तिथे मिल्टेफोसिनच्या गोळ्या जोडून चौदा दिवसांवर आणलं आहे. तरी पॅरोमोमायसिनची रोजची सुई आहेच. एचआयव्ही असलेल्या रुग्णाला आजार पुन्हा पुन्हा उलटतो. म्हणून हवं आहे ते असं: तोंडाने घ्यायचं, थोड्या दिवसांचं, उन्हात टिकणारं, गरोदर बाईलाही चालणारं. या चारही अटी पुऱ्या करणारं एकही औषध आज नाही.

मिल्टेफोसिन ही गोळी आहे ना?

आहे, आणि तिची कथा ऐकण्यासारखी आहे. जर्मनीत कर्करोगासाठी बनलेला हा रेणू. पोटातून घेतल्यावर तिथे फारसा उपयोगी पडला नाही, पण लीशमॅनियावर चालला. बिहारात चाचण्या झाल्या, ९४ टक्के रुग्ण बरे झाले, आणि २००२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. काळ्या आजाराची जगातली पहिली तोंडाने घ्यायची गोळी.

अडचणी नंतर कळल्या. अठ्ठावीस दिवस घ्यायची, उलट्या-जुलाब होतात. गर्भात व्यंग येऊ शकतं म्हणून बाईने उपचारात आणि पुढे काही महिने गर्भनिरोधक वापरायला हवं. नवऱ्याच्या परवानगीशिवाय जिला दवाखान्यात जाता येत नाही तिला हे सांगायचं कसं? औषध अंगात आठवड्यांमागून आठवडे रेंगाळतं, त्या कमी मात्रेत परजीवी निर्ढावायची भीती. सुरुवातीला ती खुल्या बाजारात मिळायची. ताप उतरला की माणूस उरलेल्या गोळ्या घेत नसे. दशकभरात आजार उलटणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. अलीकडे लांबलेल्या उपचारात डोळ्यांना इजा झाल्याचंही दिसलं.

औषध चांगलं होतं, ते वापरण्याची व्यवस्था तितकी चांगली नव्हती, असं माझं मत आहे. काही सहकाऱ्यांना ते मान्य नाही.

चागसवर कोणती औषधं आहेत?

दोनच. निफुर्टिमॉक्स आणि बेंझनिडॅझोल, दोन्ही १९६०-७० च्या काळातली. साठ दिवस घ्यायची. अंगावर पुरळ, भूक मरणं, हातापायांना मुंग्या. बरेच मोठे रुग्ण मध्येच सोडतात. लहान मुलांना ती छान सोसतात आणि लागही चांगला होतो. लागण झालेल्या तरुणीने गरोदर राहण्याआधी उपचार घेतला तर बाळ सहसा वाचतं, हा त्यांचा फार मोठा उपयोग.

वर्षानुवर्षं मुरलेल्या आजारात मात्र चित्र धूसर आहे. हृदय आधीच बिघडलेल्या २,८५४ रुग्णांवर बेंझनिडॅझोलची चाचणी झाली, निकाल २०१५ मध्ये आला. रक्तातला परजीवी कमी झाला, पण हृदयाची घसरण थांबली नाही.

मग चागसवर नवं औषध का सापडत नाही?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरी शिकवण इथे आहे.

चागसच्या परजीवीलाही एर्गोस्टेरॉल लागतं. ते तयारच होऊ द्यायचं नाही, अशी बुरशीवरची अ‍ॅझोल औषधं बाजारात होती. परीक्षानळीत ती जबरदस्त चालली. उंदरांत चालली. पोसाकोनॅझोल तर काही उंदरांत पूर्ण बरं करत होतं. सगळ्यांनी आशा लावली. मग स्पेनमधल्या रुग्णांवर चाचणी झाली आणि २०१४ मध्ये निकाल आला: औषध चालू असताना रक्त स्वच्छ, आणि बंद केल्यावर बहुतेकांत परजीवी परत हजर. बोलिव्हियात रावुकोनॅझोलच्या एका रूपावर तोच अनुभव आला. त्याच चाचण्यांत जुनं, बदनाम बेंझनिडॅझोल मात्र टिकलं.

असं का, याचं एक उत्तर २०१८ मध्ये मिळालं. पेशीत शिरलेले काही परजीवी वाढायचंच थांबवतात, झोपून राहतात. वाढणाऱ्यावर घाव घालणारं औषध झोपलेल्याला काही करत नाही. औषध संपलं की तो उठतो. उंदरांवरच्या चाचण्यांत पूर्वी रक्त पाहून ‘बरा’ म्हणायचे. आता अवयव न् अवयव तपासतात, उजळणारे परजीवी वापरून एखादा कुठे उरला आहे का ते शोधतात.

दुसरं संकट सिद्ध करण्याचं. माणूस चागसमधून बरा झाला हे सांगणारी तपासणीच नाही. रक्तातली प्रतिपिंडं नाहीशी व्हायला वर्षं, कधी दशकं लागतात. पीसीआरमध्ये परजीवी दिसला तर औषध फसलं हे नक्की; दिसला नाही तर काहीच नक्की नाही, तो हृदयात बसलेला असू शकतो. आणि मुळात आजारच तीस वर्षांनी उमटतो. एवढा काळ चाचणी चालवणार कोण? माझ्या मते नव्या रेणूइतकीच बरं झाल्याची खूण शोधणं गरजेचं आहे, पण तिला निधी मिळवणं त्याहून अवघड.

एक चांगली बातमी जुन्या औषधातूनच आली. बोलिव्हियातल्या एका छोट्या चाचणीत बेंझनिडॅझोल आठ आठवड्यांऐवजी दोनच आठवडे देऊन पाहिलं, परजीवी तितकाच दबला आणि कुणाला औषध सोडावं लागलं नाही. पन्नास वर्षं आठ आठवडे का देत होतो, याचं उत्तर ‘तसं ठरलं होतं म्हणून’ इतकंच आहे.

नवं औषध शोधतात म्हणजे नक्की काय करतात?

कंपन्यांच्या कपाटांत लाखो रेणू साठवलेले असतात. ते यंत्रमानवाच्या मदतीने परजीवी असलेल्या थाळ्यांत एकेक करून टाकतात आणि कोण मरतं ते पाहतात. जीएसके कंपनीने १८ लाख रेणू या तिन्ही परजीवींवर तपासले आणि निवडक रेणूंची माहिती २०१५ मध्ये सगळ्यांना खुली केली. नोव्हार्टिसने ३० लाख तपासले. त्यातल्या एका बऱ्यापैकी रेणूपासून निघून, सुमारे तीन हजार नवी रूपं बनवत ते एका रेणूपर्यंत आले. पेशीतली जुनी-मोडकी प्रथिनं कापून टाकणारं यंत्र असतं, प्रोटिअसोम. हा रेणू परजीवीचंच यंत्र बंद पाडतो, आपलं नाही. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच घराण्यातलं एलएक्सई-४०८ हे तोंडाने घ्यायचं औषध सध्या भारतात आणि इथिओपियात काळ्या आजाराच्या रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आहे. मी डोळे लावून बसलो आहे ते याच्याकडे.

दुसरी वाट बोरॉनच्या रेणूंची. निद्रारोगावर अकोझिबोरोल नावाच्या तीन गोळ्या एकदाच घेऊन ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे झाले. ज्या आजारात पूर्वी आर्सेनिकचं इंजेक्शन द्यायचे आणि त्या औषधानेच वीसातला एक रुग्ण मरायचा, तिथे ही मजल आहे. त्याच कुळातल्या एका रेणूने चागस झालेली माकडं बरी झाल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. माकडं हं, माणसं नाहीत. वरची पोसाकोनॅझोलची गोष्ट विसरू नका.

तिसरी वाट अडगळीची. हेक्स्ट कंपनीने १९८० च्या दशकात बाजूला टाकलेलं फेक्सिनिडॅझोल २००५ मध्ये पुन्हा बाहेर काढलं. निद्रारोगावर ते २०१८ मध्ये मान्य झालं. सुदानमध्ये काळ्या आजारावर लावलं, परजीवी दबला आणि उलटला. चागसवरही निराशाच पदरी आली.

हळद, कडुलिंब, अडुळसा यांतून औषध निघणार नाही का?

हा प्रश्न नाही असं माझं एकही व्याख्यान झालेलं नाही. वनस्पतींबद्दल मला आकस नाही. अँफोटेरिसिनही निसर्गातूनच आलं. पण ‘अमुक पानाच्या अर्काने लीशमॅनिया मेला’ अशा शोधनिबंधांचे ढीग आहेत आणि त्यातल्या पुष्कळांत मारलेला असतो तो प्रोमॅस्टिगोट, म्हणजे वाळूमाशीच्या पोटातलं शेपटीवालं रूप. ते वाढवायला सोपं असतं. रुग्णाच्या अंगात असतो तो महाभक्षी पेशीत बसलेला, बिनशेपटीचा अमॅस्टिगोट. माशीला बरं करायचं असेल तर असे अर्क जरूर वापरा. हळदीतलं कुर्क्युमिन तर आतड्यातून रक्तात जेमतेम पोहोचतं, आणि चाचण्यांत खोटे निकाल देण्याबद्दल प्रसिद्ध आहे.

एमफार्मच्या मुलांना माझं एवढंच सांगणं, की अमॅस्टिगोटवर चाचणी करता येत नसेल तर विषय बदला.

कंपन्यांना यात रस का नाही?

ज्याच्याकडे पैसा नाही तो गिऱ्हाईक नाही, म्हणून. १९७५ ते १९९९ या काळात जगात १,३९३ नवी औषधं आली. त्यांतली उष्णकटिबंधातले आजार आणि क्षयरोग मिळून फक्त १६. हे पाहून २००३ मध्ये डीएनडीआय ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत सीमापार डॉक्टरांची एमएसएफ आहे, ब्राझीलची ओस्वाल्दो क्रूझ संस्था आहे आणि आपली आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही. वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्यांत तिचा हात आहे.

अमेरिकेने एक युक्ती काढली: अशा आजारावर औषध मंजूर करून घेणाऱ्याला एक व्हाउचर, ज्यामुळे त्याच्या दुसऱ्या कुठल्याही औषधाचा अर्ज लवकर तपासला जातो. व्हाउचर विकताही येतं. २०१४ मध्ये मिल्टेफोसिनसाठी एका कॅनेडियन कंपनीला ते मिळालं आणि तिने ते साडेबारा कोटी डॉलरना विकलं. गोळी भारतात बारा वर्षं वापरात होती, बिहारच्या रुग्णांनी चाचण्यांत ती घेऊन दाखवली होती. व्हाउचरच्या पैशातला एक रुपयाही मुजफ्फरपूरला पोहोचायला बांधील नव्हता. नियमात सगळं बसतं. मला अजून राग येतो.

म्हणजे गरिबांवर प्रयोग करून घेतात असंच ना?

आजार जिथे आहे तिथेच चाचणी होणार. पुण्यात रुग्ण नाहीत. बिहारात तो सगळ्यात जास्त मुसहर वस्त्यांत दिसतो, कारण मातीची घरं, शेजारी गुरं, खाली ओल. त्या माणसाने अंगठा देण्याआधी त्याला त्याच्या बोलीत समजावलं का, आणि औषध यशस्वी झालं तर त्याच्या गावच्या केंद्रात ते मिळेल का, हे दोन प्रश्न मी प्रत्येक चाचणीला लावतो. दुसऱ्याचं उत्तर चाचणी सुरू व्हायच्या आधी कागदावर असायला हवं.

लस का नाही?

माणसासाठी अजून एकही मान्य नाही. लीशमॅनियातलं एक जनुक काढून त्याला वाढता येणार नाही असा करायचा आणि तोच टोचायचा, अशा एका लसीचं उत्पादन पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने हाती घेतलं आहे. चागसच्या लसीला अजून वेळ आहे.

मला या विषयात काम करायचं आहे. कुठे जाऊ?

लखनौची सीडीआरआय (केंद्रीय औषध संशोधन संस्था), पाटण्याची राजेंद्र स्मारक संशोधन संस्था, कोलकात्याची आयआयसीबी (भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्था). पुण्यात एनसीसीएसमध्ये (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) लीशमॅनिया आणि प्रतिकारशक्तीवर बरंच काम झालं आहे. घरातले विचारतील ‘कॅन्सरवर का नाही करत?’ उत्तर तयार ठेवा.

भारतात काळा आजार संपत आला आहे म्हणतात. मग आता शोध थांबवायचा का?

आकडे खरोखर सुखावणारे आहेत. २००७ मध्ये देशात ४४ हजारांवर रुग्ण होते; आता वर्षाला हजाराच्या आत. दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट तालुकापातळीवर गाठलं गेलं आहे. बांगलादेशाला तर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं प्रमाणपत्रही दिलं, जगात पहिलं.

यातून एक विचित्र पेच झाला आहे. रुग्ण कमी झाल्यामुळे नव्या औषधाच्या चाचणीला रुग्ण मिळायला वेळ लागतो. एका चाचणीसाठी जेवढे हवेत तेवढे गोळा करायला आता बरेच जिल्हे धुंडाळावे लागतात.

आणि एक टोक अजून सुटं आहे. काळ्या आजारातून बरे झालेल्यांपैकी काहींच्या अंगावर महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे, गाठी येतात. त्याला पीकेडीएल म्हणतात. ताप नाही, दुखत नाही, माणूस शेतात काम करतो. बघणाऱ्याला कोड किंवा कुष्ठरोग वाटतो. त्या चट्ट्यांत जिवंत परजीवी असतो आणि वाळूमाशी तो तिथून उचलू शकते. भारतातल्या काळ्या आजारात कुत्रा-मांजर मध्ये नाही, माणसाकडूनच माणसाला जातो, म्हणून हा एक रुग्ण महत्त्वाचा. त्याच्यासाठी आज आहे मिल्टेफोसिन, बारा आठवडे, तेच ते डोळ्यांना धोका असलेलं. ज्याला काही दुखतच नाही तो बारा आठवडे उलट्या का सहन करील?

१९५०-६० च्या दशकांत मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारलं गेलं, त्यात वाळूमाश्याही मेल्या आणि काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली. १९७७ च्या सुमारास उत्तर बिहारात मोठी साथ उसळली, वैशाली, मुजफ्फरपूर, समस्तीपूर, सीतामढी. मधल्या वर्षांत परजीवी कुठे होता याचा शोध घेणाऱ्यांची बोटं आजही त्या न दुखणाऱ्या चट्ट्यांकडेच वळतात.